समुद्रापासून दूर समुद्र : अल्प खर्चातील खाऱ्या पाण्याचे पहिले मत्स्यालय

ग्वारीघाटावरून वाहणारे नर्मदेचे पाणी भेडाघाटच्या संगमरवरी खडकांतून वाट काढीत पश्चिमेकडे जाते आणि अखेर खंभातच्या आखातात समुद्राला मिळते. नदीला समुद्र गाठता येतो. परंतु जबलपूरच्या विद्यार्थ्याला समुद्रातील जीव जिवंत पाहावयाचे असतील, तर त्याला दूरचा प्रवास करावा लागतो. मुंबई जबलपूरपासून रेल्वेने सुमारे १,००० किलोमीटर आहे. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, ते समुद्राच्या अगदी काठावर. जेथे समुद्र दाराशी नाही, तेथे खाऱ्या पाण्यातील मासे पाळता येतील काय, आणि एखाद्या शाळेला किंवा वाचनालयाला ते थोड्या खर्चात साधेल काय, हा प्रश्न म्हणूनच स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्यासाठी पैशापेक्षा दुसऱ्याच एका वस्तूची अधिक गरज लागते, व ती वस्तू म्हणजे धीर. पुष्कळ नवी मत्स्यालये पहिल्या महिन्यातच ओस पडतात. त्याचे कारण साहित्य हलके होते हे क्वचितच असते; पाणी तयार होण्यापूर्वी मासे आणले गेले, हेच बहुधा खरे कारण असते. घाईने मेलेल्या माशांच्या किमतीत एक चांगले मापनयंत्र सहज आले असते. शिवाय जीव गेला तो वेगळाच.

समुद्रापासून दूर असा प्रयोग करण्याची कल्पना नवी नाही. १८४६ साली ॲना थिन नावाच्या एका इंग्रज बाईने टॉर्कीच्या किनाऱ्यावरील प्रवाळजातीचे काही जीव लंडनला आपल्या घरी आणले. त्या काळी विजेचा पंप नव्हता. पाण्यात हवा मिसळावी म्हणून तिच्या घरची मोलकरीण ते पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात रोज अर्धापाऊण तास ओतीत असे. पुढे तिने पाण्यात समुद्रवनस्पतीही ठेवल्या. तिचे प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले. साधने साधी असली तरी जिवाची गरज नेमकी ओळखली तर काम होते, हा धडा त्या प्रयोगातून आजही घेण्यासारखा आहे.

समुद्राचे पाणी म्हणजे काय?

एक किलोग्रॅम समुद्रजलात सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यांत क्लोराइड सुमारे १९.४ ग्रॅम, सोडियम १०.८ ग्रॅम, सल्फेट २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३ ग्रॅम, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी सुमारे ०.४ ग्रॅम असते. बाकीचे पदार्थ अगदी अल्प प्रमाणात असतात.

'चॅलेंजर' या इंग्रज जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगातील महासागरांची शास्त्रीय पाहणी केली. त्या सफरीत जमविलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केले व १८८४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्षारांचे एकूण प्रमाण ठिकठिकाणी कमीअधिक असले, तरी प्रमुख क्षारांचे परस्परांशी असलेले प्रमाण जवळजवळ सर्वत्र सारखेच असते, असे त्याला आढळले. समुद्र कोठेही तयार करता येतो तो या नियमामुळेच. योग्य प्रमाणात मिसळलेले क्षार शुद्ध गोड्या पाण्यात विरघळविले की जबलपुरातही समुद्रजल तयार होते.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. स्वयंपाकघरातील मीठ म्हणजे समुद्राचा क्षार नव्हे. ते मुख्यतः सोडियम क्लोराइड असते. त्यात मॅग्नेशियम व कॅल्शियम पुरेसे नसते, आणि बहुधा आयोडीनयुक्त संयुग व मीठ मोकळे राहावे म्हणून घातलेला पदार्थ असतो. पैसे वाचविण्यासाठी असे मीठ वापरणे म्हणजे पहिल्याच पायरीवर प्रयोग बिघडविणे होय. मत्स्यालयासाठी तयार केलेले क्षारमिश्रणच विकत घ्यावे.

पाण्याची क्षारता बदलली तर माशाला त्रास का होतो, हेही समजून घेतले पाहिजे. समुद्री माशाच्या रक्तातील क्षार भोवतालच्या पाण्याच्या सुमारे एकतृतीयांशच असतात. सच्छिद्र पातळ पडद्याच्या दोन बाजूंस कमीअधिक क्षारांचे द्रव असले, तर पाणी अधिक क्षारांच्या बाजूकडे झिरपते. या क्रियेस तर्षण म्हणतात. त्यामुळे समुद्री माशाच्या अंगातील पाणी कल्ल्यांवाटे सतत बाहेर जात असते. समुद्रात राहूनही तो एका अर्थाने तहानलेलाच असतो. ही तूट भरून काढण्यासाठी तो समुद्राचे पाणी पितो आणि त्यातील जादा क्षार कल्ल्यांतील विशेष पेशींच्या द्वारे बाहेर टाकतो. या कामी त्याची शक्ती खर्च होते. क्षारता रोज वरखाली होऊ लागली की हे काम अवघड होते व मासा रोगाला लवकर बळी पडतो.

गोडे पाणी आणि त्याची शुद्धता

नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन असते. पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवले, त्यात हवेचे बुडबुडे सोडले, तर क्लोरीन बरेचसे निघून जाते. परंतु नायट्रेट, फॉस्फेट आणि धातूंचे अंश तसेच राहतात. म्हणून पडद्यातून दाबाने गाळून पाणी शुद्ध करणारे घरगुती यंत्र शाळेत अगोदरच असेल, तर त्यातीलच पाणी वापरावे. पावसाळ्यात पहिल्या चारदोन सरी जाऊ देऊन उघड्या आकाशाखाली स्वच्छ प्लॅस्टिकच्या टबात थेट धरलेले पावसाचे पाणीही उपयोगी पडते. पत्र्यावरून वा कौलांवरून ओघळलेले पाणी मात्र घेऊ नये.

येथे एक इशारा आवश्यक आहे. आपल्या घरांत पाणी तांब्याच्या हंड्यात किंवा पितळेच्या घंगाळात ठेवण्याची चाल आहे. पिण्याच्या पाण्यासाठी ती कितीही मानली जात असली, तरी मत्स्यालयाच्या पाण्याला तांबे, पितळ किंवा जस्ताचा पत्रा यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. शंख, खेकडे व कोळंबी यांना तांब्याचा अत्यल्प अंशही मारक ठरतो. या कामासाठी प्लॅस्टिकच्या दोन बादल्या वेगळ्या ठेवाव्यात आणि त्यांना साबण कधीही लावू नये.

काचपेटी व तिची जागा

लहान पेटी स्वस्त पडेल असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु पाणी जितके थोडे, तितके त्याचे तापमान व क्षारता लवकर बदलतात, आणि एखादी चूक झाल्यास सावरण्यास अवधी राहत नाही. उलट फार मोठ्या पेटीला क्षार, वीज व मजबूत टेबल यांचा खर्च अधिक. पहिल्या प्रयोगासाठी ७५ सेंटिमीटर लांब, ४० सेंटिमीटर रुंद व ४० सेंटिमीटर उंच अशी पेटी मध्यम मापाची होय. तिच्यात काठोकाठ १२० लिटर पाणी मावते. वरची थोडी जागा आणि आतील दगड वगळता प्रत्यक्षात सुमारे १०० लिटर पाणी राहते. हा आकडा पुढील हिशेबाला सोयीचा आहे. १०० लिटर पाण्यास सुमारे साडेतीन किलोग्रॅम क्षार लागतात. विकतच्या मिश्रणात थोडा ओलावा असतो, म्हणून चार किलोग्रॅम आणावे.

जुनी पेटी मिळाल्यास उत्तम. मात्र तिच्यात पूर्वी तांबेयुक्त औषध वापरलेले नसावे आणि सांधे गळत नसावेत. भरलेल्या पेटीचे वजन दीडशे किलोग्रॅमच्या वर जाते. म्हणून ती जमिनीवरील ओट्यावर किंवा भक्कम लाकडी टेबलावर, सपाटी तपासून ठेवावी. जबलपुरात तळमजल्यावरील, उत्तरेकडची, ऊन न येणारी खोली सर्वांत चांगली. गच्चीखालची वरची खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते, ती टाळावी.

तळाशी प्रवाळी चुन्याच्या वाळूचा दोनतीन सेंटिमीटरांचा थर आणि वर आठदहा किलोग्रॅम सच्छिद्र दगड असावेत. बाजारात कोरडे सच्छिद्र दगड किंवा भाजलेल्या मातीचे कृत्रिम दगड मिळतात. भेडाघाटसारखा संगमरवर घरापाशीच असताना हे विकत का घ्यावेत, असा प्रश्न जबलपूरकराच्या मनात येईल. संगमरवर हा घट्ट दगड आहे. त्याच्या आत जीवाणूंना राहण्यास पोकळ्या नाहीत, म्हणून तो शोभेपुरताच उपयोगी. शिवाय भेडाघाटचे खडक हा निसर्गाचा ठेवा आहे, तेथून दगड उचलणे योग्य नव्हे. नदीकाठचे अनोळखी दगडही टाळावेत, कारण या प्रदेशात लोह व मँगनीज यांची खनिजे आढळतात आणि कोणत्या दगडात काय आहे हे डोळ्यांना कळत नाही.

समुद्रातून तोडलेले प्रवाळ वा जिवंत खडक मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्रघोडे व समुद्रकाकडी यांना संरक्षण दिले आहे. २००१ साली त्यांचा संरक्षित जीवांत समावेश झाला. ते जवळ बाळगणे हा गुन्हा होऊ शकतो.

न दिसणारे कामकरी

आता मत्स्यालयाच्या खऱ्या रहस्याकडे वळू. मासा अन्न खातो, त्यातील प्रथिनांपासून त्याच्या शरीरात अमोनिया तयार होतो, आणि तो कल्ल्यांवाटे पाण्यात मिसळतो. समुद्रात त्याचा मागमूसही उरत नाही. १०० लिटरच्या पेटीत मात्र तो साठत जातो. किती साठतो याचा हिशेब करता येतो. एक ग्रॅम कोरड्या खाद्यात ४५ टक्के प्रथिने आहेत असे धरू. प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नत्र असतो. म्हणजे त्या एका ग्रॅमात सुमारे ७२ मिलिग्रॅम नत्र आले. हे खाद्य कोणी न खाता तसेच कुजले, तर त्यापासून ८७ मिलिग्रॅमच्या आसपास अमोनिया होईल. म्हणजे दर लिटरमागे जवळजवळ ०.९ मिलिग्रॅम. नव्या पेटीत माशांना धोका पोहोचविण्यास चिमूटभर खाद्य पुरते, ते असे.

त्यातही समुद्रजलाची एक खोड आहे. पाण्यातील अमोनियाची दोन रूपे असतात. एक फारसे विषारी नसते व दुसरे अत्यंत विषारी असते. पाण्याची अल्कता, म्हणजेच पीएच, एका अंकाने वाढली की विषारी रूपाचे प्रमाण जवळजवळ दहापट होते. समुद्रजलाचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. म्हणून ७ पीएचच्या गोड्या पाण्यात जेवढा अमोनिया मासा सहन करील, तेवढाच खाऱ्या पाण्यातील माशाचा प्राण घेतो.

या विषाचा नाश करणारे कामकरी डोळ्यांना दिसत नाहीत. काही जीवाणू अमोनियापासून नायट्राइट बनवितात आणि दुसरे काही नायट्राइटपासून नायट्रेट. सर्जी विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मातीतील अशा जीवाणूंचा छडा लावला. शेतात पिकांना नत्र पुरविण्याच्या कामी जी क्रिया उपयोगी पडते, तीच मत्स्यालयात माशांचे प्राण वाचविते. नायट्रेट बऱ्याच प्रमाणात साठेपर्यंत मासे ते सहन करतात, आणि पाण्याचा काही भाग बदलून ते कमी करता येते. हे जीवाणू दगडांच्या पोकळ्यांत व वाळूच्या कणांवर वस्ती करतात. पाण्यात मोकळे थोडेच असतात. म्हणूनच सच्छिद्र दगड हीच या मत्स्यालयाची गाळणी. पाणी त्यांच्यावरून खेळते राहील असा एक लहान पंप असला, म्हणजे महागड्या गाळणयंत्रावाचून चालते.

वाट पाहण्याचे सहा आठवडे

जीवाणूंची वसाहत वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. या काळात पेटीत एकही मासा नसावा. जीवाणूंना अन्न म्हणून अमोनियाचा थोडा पुरवठा करावा लागतो. त्यासाठी नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, चालतो. भांड्यांना कल्हई करताना वापरतात तोच हा पदार्थ. मात्र बाजारातील नवसागरात धातूंची भेसळ असू शकते, म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेतील शुद्ध नवसागरच घ्यावा. १०० लिटर पाण्यात सुमारे ०.६ ग्रॅम नवसागर विरघळविला की दर लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो, आणि प्रारंभी तेवढा पुरे.

त्यानंतर दर दोन दिवसांनी थेंबांच्या परीक्षणसंचाने अमोनिया, नायट्राइट व नायट्रेट तपासावे आणि आकडे वहीत लिहावेत. प्रथम अमोनिया स्थिर दिसेल. मग तो उतरू लागेल व नायट्राइट चढेल. पुढे नायट्राइटही उतरेल व नायट्रेट वाढत जाईल. या तीन रेषा आलेखकागदावर काढल्या, तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला एक अदृश्य जीवसृष्टी जन्माला येताना दिसेल. अमोनियाची तीच मात्रा पुन्हा घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की पेटी तयार झाली असे समजावे. त्यानंतर साठलेले नायट्रेट काढून टाकण्यासाठी निम्मे पाणी बदलावे, आणि मगच माशांचा विचार करावा.

जबलपूरचा उन्हाळा

जबलपुरात मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाणे नेहमीचेच आहे, तर पौषाच्या रात्री चांगल्याच थंड असतात. समुद्री माशांना २५ ते २८ अंशांचे पाणी मानवते. थंडीचा उपाय सोपा आहे; शंभर वॉटचा, तापमान आपोआप राखणारा पाण्यातील हीटर पुरेसा होतो. उन्हाळ्याचा प्रश्न अवघड, कारण थंड करणारे यंत्र फार महाग असते. पाणी तापले की त्यातील प्राणवायूही कमी होतो. २५ अंशांच्या समुद्रजलात दर लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांवर तो ६.२ पर्यंत उतरतो. गोड्या पाण्यापेक्षा हे प्रमाण मुळातच कमी आहे.

येथे माठाचे शास्त्र मदतीला येते. माठाच्या अंगावरील ओलावा उडून जाताना आतील उष्णता घेऊन जातो व पाणी गार होते; वाळ्याच्या ओल्या पडद्यांनी खोली थंड होते ती याच कारणाने. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, आणि १०० लिटर समुद्रजल एका अंशाने थंड करण्यासाठी सुमारे ४०० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. म्हणजे एक लिटर पाणी उडाले, तर ते सहा अंश थंडावा देण्याइतकी उष्णता नेते. बाहेरून उष्णता सतत येत असल्याने प्रत्यक्ष उतार याहून कमी पडतो. तरीही पेटीचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडला, तर कोरड्या उन्हाळ्यात पाणी काही अंशांनी थंड राखता येते. पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा या उपायाचा जोर ओसरतो. परंतु तेव्हा ऊनही उतरलेले असते.

या उपायाची किंमत मात्र पाण्याने मोजावी लागते. पाणी उडते, क्षार उडत नाहीत. १०० लिटरांतील ५ लिटर पाणी उडाले, की क्षारता दर लिटरमागे ३५ ग्रॅमवरून जवळजवळ ३७ ग्रॅम होते. ही तूट शुद्ध गोड्या पाण्यानेच भरावयाची असते. नवशिक्या माणसाने चुकून प्रत्येक वेळी खारे पाणी घातले, तर अशा चार खेपांनी ७०० ग्रॅम क्षार जादा जमतात आणि क्षारता ४२ वर जाते. हे टाळण्यासाठी काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करावी व रोज सकाळी त्या खुणेपर्यंत गोडे पाणी भरावे. घनतामापकाने विशिष्ट गुरुत्व आठवड्यातून एकदा पाहावे, ते १.०२५ च्या जवळपास असावे.

वीज गेली तर पंप थांबतो, आणि मासे व जीवाणू दोघांनाही प्राणवायू कमी पडू लागतो. बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप जवळ असावा. तोही नसेल, तर मग्याने पाणी काढून थोड्या उंचीवरून हळूहळू पुन्हा पेटीत ओतावे. ॲना थिनच्या घरी हेच काम रोज होत असे.

मासे कोणते आणि कसे आणावेत?

या पेटीसाठी क्लाऊन माशांची एक जोडी पुरे आहे. हा मासा मजबूत असतो, थोड्या जागेत रमतो आणि कोरडे खाद्य खातो. समुद्रात तो समुद्रफुलाच्या आश्रयाने राहतो. परंतु मत्स्यालयात त्याला त्याची आवश्यकता नसते, आणि समुद्रफूल पाळणे नवशिक्याचे काम नव्हे. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने तामिळनाडूतील मंडपम येथील केंद्रात क्लाऊन माशांची पैदास यशस्वी केली आहे. पैदास केलेलेच मासे मागावेत. ते पेटीतील जीवनाला व तयार खाद्याला सरावलेले असतात, आणि त्यांच्यासाठी समुद्रातील खडक उजाड होत नाहीत.

या माशांच्या आयुष्यक्रमात विद्यार्थ्यांना नवल वाटेल अशी एक गोष्ट आहे. प्रत्येक क्लाऊन मासा प्रथम नर असतो. गटातील सर्वांत मोठी ती मादी. ती नाहीशी झाली, तर तिच्याखालोखालचा नर मादी बनतो. दोन लहान मासे एकत्र ठेवले की कालांतराने त्यांतील एक वाढून मादी होतो.

दूरच्या प्रवासाने आलेल्या पिशवीबाबत विशेष सावधगिरी बाळगावी. पिशवीत माशाच्या श्वासातील कर्बवायू साठून पाण्याचा पीएच उतरलेला असतो, आणि त्यामुळे साठलेला अमोनिया बऱ्याच अंशी निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच कर्बवायू निघून जातो, पीएच चढतो, आणि तोच अमोनिया विषारी बनतो. म्हणून मिटलेली पिशवी पंधरावीस मिनिटे पाण्यावर तरंगू देऊन तापमान सारखे करावे, आणि उघडल्यावर तासन्‌तास वेळ न घालविता मासे जाळीने उचलून पाण्यात सोडावेत. पिशवीतील पाणी मत्स्यालयात ओतू नये. विक्रेत्याकडील पाण्याची क्षारता आधी विचारून आपले पाणी तेवढेच ठेवले, म्हणजे हा बदल माशाला जड जात नाही.

शक्य असल्यास नवे मासे प्रथम तीस-चाळीस लिटरच्या साध्या प्लॅस्टिक टबात तीनचार आठवडे वेगळे ठेवावेत. अंगावर पांढरे ठिपके उठविणारा परजीवी याच काळात प्रकट होतो, आणि त्यावरील तांबेयुक्त औषध मुख्य पेटीत कधीच घालता येत नाही. पहिले मासे दोन महिने निरोगी राहिल्यावर शेवाळ खाणारे दोनचार शंख आणि एखादा शंखातला खेकडा आणण्यास हरकत नाही.

रोजचे काम व वर्षाचा खर्च

खाद्य दिवसातून एकदोन वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. भुकेने मरणाऱ्या माशांपेक्षा उरलेल्या खाद्याने मरणारे मासे कितीतरी अधिक. दर पंधरा दिवसांनी १० लिटर पाणी काढून तेवढेच नवे खारे पाणी घालावे. ते आदल्या दिवशी मिसळून, ढवळून, तापमान जुळवून ठेवावे. वर्षात असे २६ वेळा केल्यास २६० लिटर पाणी व सुमारे दहा किलोग्रॅम क्षार लागतील. दहा वॉटचा पंप अहोरात्र चालविल्यास वर्षाला सुमारे ८८ युनिट वीज लागते. केवळ मासे ठेवावयाचे असल्याने तीव्र प्रकाशाच्या दिव्यांची गरज नाही. एक साधा दिवा दिवसातून आठ तास पुरतो.

पैसे थोडे असताना ते कोठे घालावेत, याचा क्रम असा : प्रथम चांगले क्षारमिश्रण, मग घनतामापक व परीक्षणसंच, नंतर पंप आणि हीटर, आणि सर्वांत शेवटी मासे. रंगीत शोभेच्या वस्तू, झगझगीत दिवे व महाग गाळणयंत्रे यांवाचून मत्स्यालय चालते. परीक्षणसंचावाचून ते आंधळ्याच्या वाटचालीसारखे होते. सहा आठवड्यांची प्रतीक्षा मात्र फुकट आहे, आणि तिची जागा घेईल असे काहीही विकत मिळत नाही.

अखेरची गोष्ट शाळांसाठी. जबलपुरात सर्वांत कडक ऊन आणि शाळेची उन्हाळी सुटी एकाच वेळी येतात. वर्षभर जपलेले मासे याच दिवसांत दगावण्याची भीती सर्वांत अधिक असते, कारण पंखा चालू राहतो, पाणी उडत राहते आणि पाहणारे कोणी नसते. निरोगी मासा काही दिवस खाद्यावाचून राहू शकतो. पाणी भरल्यावाचून पेटी मात्र राहू शकत नाही. गोड्या पाण्याने भरलेली बाटली, तिचे तोंड पेटीतील पाण्याच्या पातळीला टेकेल अशी उपडी बांधली, तर पातळी उतरताच थोडेथोडे पाणी आपोआप खाली येते. तरीही माणसाला पर्याय नाही. म्हणून पहिला मासा आणण्यापूर्वीच मे महिन्यात रोज सकाळी कोण येणार, त्यांची नावे वहीच्या पहिल्या पानावर लिहावीत. ती नावे मिळत नसतील, तर मासे आणू नयेत. ते पान भरले, तर समुद्र न पाहिलेल्या मुलांच्या हातीही समुद्राचा एक लहानसा अंश सुखरूप राहील.